दातारबाईंच्या चिठ्ठ्या

सुहासिनी दातारांकडे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाचं काम आलं ते त्यांच्यावरच्या विश्वासामुळे नव्हे. विश्रांतवाडीच्या त्या कॉलेजात एकतीस शिक्षक होते आणि तिसांनी ते आधीच टाळलं होतं. कुणाचा मणका दुखत होता, कुणाच्या मुलाचं बारावीचं वर्ष होतं. शेवटी प्राचार्य दत्तप्रसाद वाळिंबे म्हणाले, "दातारबाईंना द्या. त्यांना भांडायला सारखं कुणीतरी लागतं. फायली दिल्या तर निदान माणसं सुटतील."

हे वाक्य स्टाफरूममध्ये पोचायला एक तास पुरला. बाईंच्या कानावर ते चहाच्या आधीच गेलं. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. फायली मधेमधे बोलत नाहीत."

बाई चोपन्न वर्षांच्या. राहायला नारायण पेठेत. नवरा दहा वर्षांपूर्वी गेला, मुलगी वल्लरी खराडीला एका कंपनीत आणि राहायलाही तिकडेच. रोज सकाळी स्कूटरवरून संगम पूल, येरवडा करत त्या सात वाजून दहा मिनिटांनी कॉलेजच्या फाटकात असायच्या. सव्वीस वर्षं त्या वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवत होत्या. वर्ग एकशेबारा मुलांचा, त्यांतली साठएक मुलं दरवर्षी नापास व्हायची. बाईंना त्याचं दुःख नव्हतं, फार तर कंटाळा होता. मुलांना येत नाही कारण मुलं करत नाहीत, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि सगळ्या गोष्टी मोजणाऱ्या या बाईंनी हे मत मात्र कधी तपासून पाहिलं नव्हतं. उशिरा आलेल्या मुलाला त्या म्हणायच्या, "या, बसा. वेळेवर आला असतात तरी फारसा फरक पडला नसता." वर्ग हसायचा नाही. पुढे कुणाची पाळी येईल ते सांगता यायचं नाही.

गुणवत्ता कक्ष म्हणजे जिन्याखालची एक खोली, तीत दोन कपाटं आणि न उघडणारी एक खिडकी. बाईंनी पहिल्या आठवड्यात मागच्या पाच वर्षांचे अहवाल काढून वाचले. विद्यार्थ्यांच्या सूचनांवर कॉलेजनं काय केलं, या मथळ्याखाली पाचही वर्षं एकच वाक्य होतं: विद्यार्थ्यांच्या सूचनेनुसार पिण्याच्या पाण्याची व्यवस्था सुधारण्यात आली.

त्यांनी शिपाई रतनला हाक मारली. "दुसऱ्या मजल्यावरचा कूलर कधीपासून बंद आहे हो?"

"मी लागलो तेव्हापासून मॅडम. तीन वर्षं झाली."

"म्हणजे सुधारल्यानंतर बंद पडला."

"नाय मॅडम," रतन म्हणाला, "त्याला वायरच जोडलेली नाय."

दुसऱ्या कपाटात मुलांनी भरून दिलेल्या अभिप्रायांचे गठ्ठे होते. दरसाल सहाशे फॉर्म. सुतळीची गाठ सुटलेली दिसेना. पण प्रत्येक गठ्ठ्यासोबत रंगीत आलेखांचं विश्लेषण मात्र होतं: अठ्ठ्याऐंशी टक्के विद्यार्थी अध्यापनाबद्दल समाधानी. बाईंनी तारखा पाहिल्या. फॉर्म भरून घेतले होते मार्चमध्ये आणि विश्लेषणावर तारीख होती फेब्रुवारीची.

खोटेपणाचं बाईंना विशेष वाटलं नसतं. तो त्यांनी पुष्कळ पाहिला होता. पण आकडे आधी आणि माणसं नंतर, हा प्रकार त्यांना घरात घुसून केलेल्या अपमानासारखा लागला. त्या तशाच वाळिंबेसरांच्या केबिनमध्ये गेल्या.

"मुलांनी काय लिहिलंय ते कुणी वाचलंय का?"

"वाचायचं कशाला?" वाळिंबेंनी चष्मा काढला. "भरून घेतलेत ना? पुढच्या वर्षी कॉलेजला श्रेणी द्यायला नॅकची टीम येणार. त्यांना फॉर्म दाखवायचे असतात."

"आणि मुलांना काय दाखवायचं?"

"दातार मॅडम," वाळिंबे म्हणाले, "आपण फायली लावा. बाकीचं देव बघेल."

देवावर बाईंचा फारसा भरवसा नव्हता. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी त्यांनी स्वतःच्याच वर्गापासून सुरुवात केली. तास संपायला पाच मिनिटं असताना त्यांनी पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या वाटल्या, फळ्यावर एकच प्रश्न लिहिला, 'आज काय समजलं नाही?', आणि सांगितलं की नाव घालायचं नाही. टेबलावर बुटाचं रिकामं खोकं ठेवलं. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. हा नवा सापळा आहे, याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

खोक्यात त्र्याहत्तर चिठ्ठ्या पडल्या. चव्वेचाळीस कोऱ्या होत्या. काहींवर 'सगळं समजलं', एकावर गणपतीचं चित्र. आणि एकावर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'मॅडम, तुम्ही फळ्याशी बोलता. फळा पास होईल.'

बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सव्वीस वर्षांत त्यांच्याशी कुणी त्यांच्याच भाषेत बोललं नव्हतं. तिच्याखालची चिठ्ठी त्यांनी अर्धवट रागातच उचलली. तिचं अक्षर बारीक आणि वाकडं होतं. 'मीडियन म्हणजे मध्यक, हे मला परीक्षा झाल्यावर कळलं. दहावीला मला त्यात पैकीच्या पैकी होते.'

ही चिठ्ठी त्यांनी तीनदा वाचली.

दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या मोठ्यानं वाचून दाखवल्या. "पहिली कुणाची आहे ते विचारत नाही. विनोद बरा आहे. दुसरी कुणाची?"

नाव घालायचं नाही असं सांगून नाव विचारायचं, हा सरळ विश्वासघात होता आणि तो वर्गातल्या प्रत्येकाला कळला. मग मागून चौथ्या बाकावरची एक मुलगी उठली. अपेक्षा राऊत. वाशिमकडची, धानोरीला तीन मुलींबरोबर खोली घेऊन राहणारी. गेल्या वर्षी याच विषयात नापास होऊन पुन्हा बसलेली.

"माझी आहे मॅडम. वर्गातून काढायचं असलं तर काढून द्या नं. तसंही मागं बसून काही दिसत नाही."

"दिसत का नाही?"

"तुम्ही खाली खाली लिहीत जाता. पुढच्यांची डोकी येतात मधात."

"गेलं वर्षभर सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं कुठं?"

बाई मागच्या बाकाकडे चालत गेल्या, अपेक्षेला बाजूला सरायला सांगून तिच्या जागेवर बसल्या आणि फळ्याकडे पाहिलं. खालच्या तीन ओळी खरोखरच दिसत नव्हत्या.

"अक्षर सुधारा," त्या उठताना म्हणाल्या. "बाकी बरोबर आहे."

यापलीकडे कौतुक झालं नाही. पण दुसऱ्या दिवशीपासून फळ्याचा खालचा भाग कोरा राहू लागला आणि प्रत्येक इंग्रजी संज्ञेशेजारी मराठी शब्द येऊ लागला. तासाची पहिली दहा मिनिटं आदल्या दिवशीच्या चिठ्ठ्यांना. आणि पुन्हा कधी बाईंनी कुणाचं नाव विचारलं नाही. त्या स्वतः बदलल्या नव्हत्या. 'हा प्रश्न मी तिसऱ्यांदा सांगतेय, चौथ्यांदा सांगायलाही माझी हरकत नाही, तुमची आहे का?' हे त्या तशाच तुसडेपणानं विचारायच्या. पण चौथ्यांदा सांगायच्या. दर शुक्रवारी त्या चिठ्ठ्या मोजायच्या. कोऱ्या किती, कोणत्या भागावर जास्त, मागच्या आठवड्यात दुरुस्त केलेली अडचण पुन्हा आली का. ज्या आठवड्यात आली, त्या आठवड्यात त्यांचा उपाय चुकला, असा हिशोब. पहिल्या सत्राच्या परीक्षेत एकसष्टच्या जागी सत्तेचाळीस नापास झाली, दुसऱ्या सत्रात एकोणतीस. बाईंनी हा उतरता आलेख छापून स्टाफरूमच्या भिंतीवर लावला. कुणीतरी तो उतरवून त्यावर चहाचा कप ठेवला आणि गोल डाग पाडला.

इथवर सगळं त्यांच्या वर्गापुरतं होतं. गुणवत्ता कक्षाच्या प्रमुख या नात्यानं त्यांनी जूनमध्ये सगळ्या विभागांना चिठ्ठ्या घ्यायला लावल्या, आणि तिथून बिनसलं.

कॉलेजात सगळ्यांत लाडके शिक्षक होते अर्थशास्त्राचे दिगंबर शेणोलीकर. गप्पिष्ट, मुलांच्या खांद्यावर हात टाकून चालणारे. गॅदरिंगला त्यांच्या नकलांशिवाय पडदा पडत नसे. आपल्या वर्गाच्या चिठ्ठ्या त्यांनी न वाचताच बाईंकडे पाठवल्या. बाईंनी वाचल्या. पुढच्या सभेत सगळ्या शिक्षकांसमोर त्या उठल्या आणि म्हणाल्या, "अर्थशास्त्राच्या चौसष्ट चिठ्ठ्या आल्या. त्यांतली एक नमुन्यादाखल वाचते." आणि वाचली: "'सर खूप छान आहेत. सर शिकवत नाहीत. २००९ च्या नोट्स सांगतात.'"

कुणीतरी हसलं. दिगंबर शेणोलीकरांच्या चेहऱ्यावरचं नेहमीचं हसू तसंच राहिलं, पण त्यामागचा माणूस उठून गेल्यासारखा वाटला. ते म्हणाले, "दातार मॅडम, तुमच्या वर्गात मुलं घाबरून येतात, माझ्या वर्गात हसत येतात. तुमच्या आलेखात हे कुठे बसतं?"

"बसत नाही," बाई म्हणाल्या. "मी हसू मोजत नाही."

त्या क्षणी त्यांना आपण जिंकलो असं वाटलं.

आठ दिवसांत प्राचार्यांकडे अर्ज गेला. दातार मॅडम गुणवत्तेच्या नावाखाली सहकाऱ्यांचा मानसिक छळ करतात. तेवीस सह्या. पहिली सही दिगंबर शेणोलीकरांची आणि शेवटची सलिल कुंटेची. सलिल बाईंचाच विद्यार्थी. त्याच वर्गात शिकून, पुढे एम.कॉम. करून, तासिका तत्त्वावर लागलेला. दर वर्षी जूनमध्ये आपल्याला पुन्हा बोलावतील की नाही, याच विवंचनेत असलेला. बाईंनी कागदावरची ती सही पाहिली आणि अर्ज परत दिला. त्या दिवसापासून त्या आपला डबा जिन्याखालच्या खोलीत खाऊ लागल्या. स्टाफरूममध्ये त्यांच्या खुर्चीवर कुणीतरी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवून दिले.

वाळिंबेंनी त्यांना बोलावलं. "मॅडम, तुम्हाला गुणवत्ता सांभाळायला सांगितली होती. वाढवायला कुणी सांगितली?"

वाळिंबेंनी समोर एक फाइल सरकवली. "आणि या इतिवृत्तांवर सह्या करा. कक्षाच्या गेल्या वर्षीच्या आठ सभा."

बाईंनी फाइल चाळली. प्रत्येक सभेचा वृत्तान्त सुरेख टाइप केलेला होता. कोणी काय सुचवलं, कोणी अनुमोदन दिलं. पाचव्या सभेत स्वतः बाईंनी ग्रंथालयाच्या वेळा वाढवण्याचा ठराव मांडला होता.

"या पाचव्या सभेत मी फार चांगलं बोलले आहे," त्या म्हणाल्या. "मी हजर असते तर बरं झालं असतं."

"मॅडम."

"सभा दोन झाल्या सर. दोनांवर करते." त्यांनी दोन कागद वेगळे काढून सह्या केल्या, सहा परत ठेवले आणि पेनाला टोपण लावलं.

संध्याकाळी नोटीस लागली. गुणवत्ता कक्षाचे नवे समन्वयक: प्रा. सलिल कुंटे.

सलिल दुसऱ्या दिवशी किल्ल्या घ्यायला आला. दारातच उभा राहिला. "मॅडम, मला नाही म्हणता आलं नाही."

"तुला पूर्वीही येत नव्हतं," बाई म्हणाल्या. "तोंडी परीक्षेत प्रत्येक प्रश्नाला हो म्हणायचास."

"मॅडम, प्लीज. मला जूनमध्ये पुन्हा ऑर्डर हवी आहे. तुम्ही परमनंट आहात, तुम्हाला सोपं आहे."

ते बाईंना लागलं, कारण ते खरं होतं. त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या, त्याच्या हातात दिल्या नाहीत.

महिन्याभरात कॉलेज ओळखू येईना. कूलरला वायर जोडली गेली. प्रत्येक मजल्यावर पारदर्शक अॅक्रिलिकच्या पेट्या लागल्या, वर सोनेरी अक्षरांत 'विद्यार्थी मनोगत', खाली छोटंसं कुलूप. ज्या तेवीस जणांनी चिठ्ठ्यांना छळ म्हटलं होतं त्यांनीच त्या पेट्यांशेजारी उभं राहून फोटो काढले. टीमला दाखवायच्या फायलीत हा कॉलेजचा 'उत्तम उपक्रम' म्हणून गेला.

टीम यायच्या चार दिवस आधी अपेक्षा जिन्याखालच्या खोलीच्या दारात आली. बाई अजून डबा तिथंच खायच्या. सलिलनं त्यांना हटकायचं धाडस केलं नव्हतं. अपेक्षेच्या हातात कोऱ्या चिठ्ठ्यांचं बंडल होतं.

"कुंटेसरांनी दिलं. पन्नास लिहून दे म्हणले, वेगवेगळ्या पेनांनी. प्रगती झाली, शिक्षक छान, असं. पेट्या रिकाम्या दिसून नाही राहिल्या पाहिजे म्हणे."

"मग?"

"मग काय मॅडम? तुम्हीच सुरू केलं नं हे. आता आम्हालेच लिहायला लावून राहिले." तिचा आवाज चढला. "खरं लिहिलं तं तुम्ही नाव विचारता. खोटं लिहिलं तं ते पेन देतात. आमी नेमकं काय लिहावं?"

बाईंनी पोळीचा तुकडा डब्यात ठेवला. दीड वर्षापूर्वीचा तो दिवस या मुलीनं विसरलेला नव्हता, आणि विसरावा असं काही कारणही नव्हतं.

"नाव विचारलं ती माझी चूक होती," त्या म्हणाल्या. "हे लिहायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी सांगितलं तर ते माझं लिहिणं होईल."

अपेक्षा बंडल घेऊन निघून गेली. तिनं ते सलिलच्या टेबलावर कोरंच ठेवलं, हे बाईंना नंतर रतनकडून कळलं. चिठ्ठ्या अखेर दुसऱ्या मुलांनी लिहिल्या.

टीम आली त्या दिवशी बाईंना तिसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या वर्गात तास दिलेला होता. पाहुण्यांची फेरी दुसऱ्या मजल्यापर्यंतच होती. पण टीममधले एक वयस्क प्राध्यापक दुसऱ्या मजल्यावरच्या पेटीपाशी थांबले आणि त्यांनी ती उघडून दाखवायला सांगितलं. किल्ली सापडेना. रतन खाली धावला, कारकून वर आला, सलिल घामाघूम होऊन, सुचेल ते बोलावं तसं म्हणाला की किल्ली बहुधा दातार मॅडमकडे असेल. "चला मग त्यांच्याकडे," प्राध्यापक म्हणाले आणि जिना चढू लागले.

बाई आदल्या दिवशीच्या चिठ्ठ्या वाचत होत्या. दारात माणसं पाहून त्या थांबल्या नाहीत. हातानं मागचा बाक दाखवला. ते प्राध्यापक मुकाट्यानं बसले. वाळिंबे आणि सलिल दारात उभे राहिले. दहा मिनिटं बाईंनी सहसंबंध पुन्हा समजावला, कारण एकोणीस चिठ्ठ्यांत तोच अडला होता. मग त्यांनी विचारलं, "काय हवं आहे?"

"त्या पेट्यांची किल्ली."

"त्या पेट्या माझ्या नाहीत. माझं खोकं हे. त्याला कुलूप नाही."

प्राध्यापकांनी खोक्यातल्या पाच-सहा चिठ्ठ्या वाचून घेतल्या, वर्गातल्या एका मुलाला त्यांचा अर्थ विचारला. 'मॅडमचा आवाज शेवटी शेवटी चिडका होतो' ही चिठ्ठी वाचून ते बाईंकडे पाहून हसले. बाई हसल्या नाहीत. उठताना प्राध्यापकांनी सहज विचारावं तसं विचारलं, "गेल्या वर्षी तुम्ही कक्षाच्या प्रमुख होता ना? सभा किती झाल्या?"

दारातून वाळिंबे बाईंकडे पाहत होते. सलिल जमिनीकडे पाहत होता. फायलीत आठ सभा होत्या, सहांवर बाईंच्या जागी सलिलची सही होती, आणि बाईंना ते रतनकडून कळलं होतं.

"दोन," बाई म्हणाल्या.

प्राध्यापकांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि आभार मानून ते बाहेर पडले.

कॉलेजला हवी होती ती श्रेणी मिळाली नाही. तिच्या खालची मिळाली. अहवालात एका वर्गातल्या चिठ्ठ्यांचं कौतुक होतं आणि नोंदी व वस्तुस्थिती यांत तफावत असल्याचा शेरा होता. कौतुक वाळिंबेंनी कॉलेजच्या नावानं फलकावर छापलं. शेरा बाईंच्या नावावर जमा झाला. त्या दिवसापासून त्यांच्याशी कुणी बोलेना. चहाच्या ट्रेमध्ये तीस कप येऊ लागले. एका सकाळी स्कूटरची सीट ब्लेडनं फाडलेली निघाली. बाईंनी तिच्यावर चिकटपट्टी लावली आणि तशाच वर्षाअखेरपर्यंत आल्या.

मेमध्ये पत्र आलं. आपल्या प्रदीर्घ अनुभवाचा लाभ संस्थेच्या लोणी काळभोर येथील शाखेलाही व्हावा, या हेतूने आपली बदली करण्यात येत आहे. विद्यापीठाचा निकाल त्याच आठवड्यात लागला. एकशेबारांपैकी एकवीस नापास. अपेक्षेनं आदल्याच वर्षी विषय सोडवला होता; ती बाईंना भेटायला आली नाही, आणि बाईंनीही तिची वाट पाहिली नाही.

शेवटच्या दिवशी त्या स्टाफरूममध्ये शिरल्या तेव्हा बोलणं थांबलं. त्या सरळ दिगंबर शेणोलीकरांच्या टेबलाशी गेल्या.

"त्या सभेत मी तुमची चिठ्ठी वाचली ते चूक होतं," त्या म्हणाल्या. "चिठ्ठी खरी होती."

"दोन्ही वाक्यं एका दमात सांगायलाच हवी होती का?" दिगंबर म्हणाले. ते नेहमीसारखं हसले नाहीत. जवळून ते थकलेले दिसत होते. "मॅडम, माझी आई सहा वर्षं अंथरुणाला होती. त्या सहा वर्षांत मी नवीन पुस्तक उघडलं नाही. तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही."

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं. सगळ्यांच्या अडचणी विचारत फिरत होता ना?"

बाईंनी पिशवीतून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "या तुमच्या वर्गाच्या बाकीच्या त्रेसष्ट. कुणाला दाखवलेल्या नाहीत. पुष्कळ चांगल्याही आहेत."

दिगंबरांनी पाकिटाला हात लावला नाही. बाई निघाल्या तेव्हा ते टेबलावर तसंच होतं.

लोणी काळभोरला जायला त्यांना दोन बस लागायच्या. तिथल्या वर्गात बाकं कमी आणि मुलं जास्त होती. पहिल्याच दिवशी एकानं तोंडावर सांगितलं, "मॅडम, तुमचं इंग्लिश लय फास्ट हाय." बाईंनी त्याला बसायला जागा आहे का ते आधी विचारलं. तिथल्या प्राचार्यांना वाळिंबेंचा फोन आधीच गेलेला होता. त्यांनी बाईंना कोणत्याही समितीत घेतलं नाही, आणि वर्गातही ढवळाढवळ केली नाही. बाईंना एवढं पुरेसं होतं.

डिसेंबरात एका दुपारी त्यांच्या फोनवर सलिलचं नाव उमटलं. त्यांनी तीनदा वाजू दिला. चौथ्यांदा उचलला.

"मॅडम, तुमचा वर्ग आता माझ्याकडे आहे," सलिल म्हणाला. "पहिल्या सत्रात बावन्न नापास झाली. प्राचार्य म्हणतात माझ्यामुळे झाली."

"तुला काय वाटतं?"

"मीही चिठ्ठ्या घेतल्या मॅडम. मी फक्त त्या वाचल्या नाहीत. वाचायची भीती वाटते."

बाई खिडकीपाशी उभ्या होत्या. या मुलाची सही त्या अर्जावर शेवटची होती. शेवटची का, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. तो तेव्हा किती वेळ पेन हातात धरून बसला असेल, हेही त्यांना माहीत नव्हतं.

"शनिवारी चारला घरी ये," त्या म्हणाल्या. "या सत्राच्या सगळ्या चिठ्ठ्या आण. न वाचलेल्या."

शनिवारी तो पावणेचारला आला आणि चार वाजेपर्यंत जिन्यात उभा राहिला. बाईंनी दार उघडलं, पाणी दिलं, चहा विचारला नाही. त्यानं पिशवी टेबलावर उलटी केली. सहाशेवर चिठ्ठ्या होत्या, घड्या घातलेल्या, काही रबरात बांधलेल्या.

"मॅडम, त्या सहीबद्दल मी—"

"ते नंतर. कदाचित कधीच नाही," बाई म्हणाल्या. "आधी कोऱ्या वेगळ्या काढ."

सलिलनं पहिली घडी उलगडली, वाचली आणि त्याचा चेहरा पडला. त्यानं ती बाईंपुढे धरली. बाईंनी चष्मा लावून वाचली, आणि मोजणीसाठी घेतलेल्या कोऱ्या कागदावर एक उभी रेघ ओढून तिच्या डाव्या बाजूला, अडलेल्यांच्या रकान्यात, एक खूण केली.

"बरं," त्या म्हणाल्या. "पुढची."